‘चौकशी’, ‘तपास’ आणि ‘शहानिशा’

देवगडहून प्रश्न :
एसटी स्टँडवरच्या खिडकीवर ‘चौकशी’ लिहिलेलं असतं. फोन ठेवताना आजी म्हणते, ‘सगळ्यांची चौकशी केली म्हणून सांग.’ आणि मोठी दुर्घटना झाली की मंत्री ‘सखोल चौकशी’ जाहीर करतात. तिन्हीकडे एकच शब्द कसा? तिसऱ्याला ‘तपास’ का म्हणू नये?

रत्नागिरी :
तपास गुन्ह्याचा असतो. तो पोलीस करतात, त्यातून आरोपपत्र निघतं. २६/११चंच बघा. कसाबवरच्या गुन्ह्याचा तपास मुंबई क्राइम ब्रँचने केला. हल्ल्यानंतर सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीकडे मात्र कोणाला फाशी द्यायची हा प्रश्नच नव्हता. त्या रात्री यंत्रणा कुठे कमी पडली, एवढंच बघायचं होतं. ही चौकशी.

महाड :
खरा घोळ ‘लावणे’मुळे होतो. ‘त्याच्यामागे चौकशी लावली’ म्हटलं की गावाने निकाल दिलाच! पण १९५२चा चौकशी आयोग कायदा उलट दिशेचा आहे. आयोगापुढे दिलेलं निवेदन त्या माणसाविरुद्धच्या खटल्यात वापरता येत नाही; अपवाद खोट्या साक्षीच्या खटल्याचा. नाहीतर कुठला इंजिनिअर तोंड उघडेल?

आणि खिडकीचं म्हणाल, तर २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा जुना दगडी पूल पडला. राजापूर–बोरिवली आणि जयगड–मुंबई, दोन्ही गाड्या गेल्या. शेजारचे काका भाच्यासाठी सकाळी स्टँडवर गेले. भिजली छत्री मिटायचंही भान नव्हतं. आतला माणूस वही पुढे-मागे चाळत राहिला, वर बघेना. काकांना कोणाला धरायचं नव्हतं, गाडी कुठे आहे एवढंच हवं होतं. पुढे सरकारने आयोग नेमला, तोही पूल का पडला हे कळावं म्हणूनच. मला तरी हा शब्द दोन्हीकडे एकच वाटतो.

देवगड :
पटलं. मग ‘शहानिशा’?

चिपळूण :
ती कोणाच्या तरी म्हणण्याची. २ जुलै २०१९ला आमच्या तालुक्यात तिवरे धरण फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हाचे जलसंधारणमंत्री म्हणाले, खेकड्यांनी पोखरलं. या विधानाची करायची ती शहानिशा. धरण का फुटलं, याची चौकशी. निष्काळजीपणाचा गुन्हा असेल तर त्याचा तपास. बातम्यांत तिन्ही शब्द एकाच अर्थाने फेकतात, तेवढं टाळलं तरी पुष्कळ.

रत्नागिरी :
एक राहिलं. आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. अहवाल मात्र सहा महिन्यांत, काय कारवाई केली त्याच्या टिपणासह विधिमंडळापुढे ठेवायचा, असं कायदा म्हणतो.

देवगड :
सहा महिने! आमच्या खिडकीतून ‘येतेय हो, वाटेत आहे’ म्हणतात, तसंच ना ते?