शब्दचर्चा : स्मरणरंजन, गतकातर आणि बाटलीतली जिनी

परवा ‘आय ड्रीम ऑफ जिनी’चा एक भाग अचानक सापडला. बाटलीत राहणारी, जादू करणारी ती जिनी. हाताची घडी, मानेला एक झटका, पापण्यांची उघडझाप, की काम फत्ते. मालिका अमेरिकेतली, १९६५ ते १९७० मधली, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. आम्ही ती नव्वदीत हिंदीत पाहिली, ‘बीविच्ड’च्या जोडीने (त्यातली समांथा नाक हलवून जादू करायची). ताईला फोन करून म्हटलं, जिनीचा तो गुलाबी पोशाख अजून डोळ्यांपुढे आहे बघ. तर ती म्हणाली, “गुलाबी? अगं, आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता!”

तो वाद घरातला. इथे प्रश्न शब्दाचा. त्या मालिकेची सुरुवातीची धून वाजली की पोटात जे काही हलतं, त्या नॉस्टॅल्जियाला मराठीत काय म्हणायचं? पेपरात ‘स्मरणरंजन’ वाचते, पण तो शब्द मला पटत नाही. रंजन म्हणजे करमणूक. करमणुकीने कधी घसा दाटून येतो का?

प्रतिसाद :
मग ‘गतकातर’ घ्या. नॉस्टॅल्जिया हा शब्द मुळात आजाराचं नाव म्हणूनच घडवलेला आहे. योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला प्रबंध लिहिला, त्यात घरापासून लांब पडून झुरणाऱ्यांसाठी त्याने दोन ग्रीक शब्द जोडले. नोस्तोस म्हणजे घरी परतणं आणि अल्गोस म्हणजे वेदना. ‘कातर’मध्ये ती वेदना आहे. आपण कातरवेळ म्हणतोच. शिवाय तुम्ही कातर होताय त्या जिनीसाठी थोडीच? तेव्हा शेजारी बसून टीव्ही बघणाऱ्या माणसांसाठी होताय.

प्रतिसाद :
अर्थ चोख आहे, पण वापरून बघा. ‘काल मित्र जमले आणि आम्ही दोन तास गतकातर झालो’ असं कोणी म्हणेल? दोन तास चालतं ते स्मरणरंजनच. त्यात चहा असतो, ‘तुला तो भाग आठवतो का रे’ असतं, आणि प्रत्येकाला वेगळाच भाग आठवत असतो. ‘बीविच्ड’मध्ये १९६९ साली समांथाच्या नवऱ्याचं काम करणारा नट बदलला. पात्र तेच, चेहरा नवा, आणि कोणी चकार शब्द काढला नाही. आमची आजी म्हणायची, “बायकोनंच बदलला असंल, नाक हलवून.”

प्रतिसाद :
धागाकर्तीने ‘रंजन’चा एकच अर्थ धरलाय. रंज् या धातूचा अर्थ रंगणं, रंगवणं असाही आहे. मैफल रंगते, गप्पा रंगतात, त्यातला हाच रंग. म्हणजे स्मरणरंजन म्हणजे आठवणीला रंग देणं. आता गंमत बघा, ‘जिनी’चा पहिला सीझन कृष्णधवलच होता आणि पुढे डीव्हीडी निघाल्या तेव्हा त्याला संगणकावर रंग चढवले. याहून शुद्ध स्मरणरंजन कुठलं?

प्रतिसाद :
थोडं अवांतर. अशा मालिकांच्या प्रकाराला मराठी नाव काय? ‘अद्भुत विनोदी मालिका’ म्हणजे शासकीय भाषांतर वाटतं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ असं नाव दिलं तेव्हा चमत्कारिक म्हणजे चमत्कारांनी भरलेलं. आज ‘चमत्कारिक माणूस आहे’ म्हटलं की विक्षिप्त. पण दोन्ही अर्थ एकदम हवे असतील तर ‘हम पांच’ बघा. १९९५ ची मालिका. अशोक सराफ घरभर वैतागलेले आणि भिंतीवरच्या तसबिरीतून मेलेली पहिली बायको टोमणे मारतेय. ती प्रिया तेंडुलकर. चमत्कार एवढाच, की तसबीर बोलते. बाकी सगळं मध्यमवर्गीय घर. म्हणून मी ‘चमत्कारिक मालिका’ असंच म्हणते. (आणि हो, ‘तसबीर’. ‘फोटो’ म्हटलं की हार दिसत नाही.)

प्रतिसाद :
माझं दुःख वेगळंच आहे. हिंदी गोष्टीतला जिन म्हणतो ना, ‘जो हुकुम मेरे आका’? लहानपणी ‘आका’ हा किती लाडका शब्द होता! आम्ही भावंडं एकमेकांकडून पाणी मागवायचो ते आका होऊन. बीडच्या बातम्या सुरू झाल्या आणि आका म्हणजे पडद्यामागचा सूत्रधार होऊन बसला. परवा मुलीला जिनी दाखवायला घेतली, तर ‘आका’ म्हटल्याबरोबर ती म्हणाली, “म्हणजे गुंड?” आता हा अर्थ बाटलीत परत कसा घालायचा?

धागाकर्ती :
सर्वांचे आभार. रंगाचा अर्थ कळला, माघार घेते. ‘स्मरणरंजन’ पास.

हा धागा ताईला वाचून दाखवला. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली, “थांब थांब. बाबांनी पडद्यावर तो प्लॅस्टिकचा रंगीत कागद लावला नव्हता का? वर निळा, मध्ये गुलाबी, खाली हिरवा. त्यात जिनी काय, बातम्या देणारे काकासुद्धा गुलाबीच दिसायचे.”