‘ब्लू’मधलं कुठलं गाणं तुमच्या वाट्याला आलं, आणि कुणाच्या आवाजात?

मंडळी, गेल्या आठवड्यात ऑफिसातून घरी येताना गाडीत के. डी. लँग या गायिकेचं ‘अ केस ऑफ यू’ लागलं आणि मला कर्वे रोडला गाडी कडेला घ्यावी लागली. इतकी वर्षं झाली त्या सगळ्याला, तरी. म्हणून हा धागा.

मूळ गाणं कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल हिचं, ‘ब्लू’ या अल्बममधलं, जून १९७१. गायक ग्रॅहम नॅशबरोबरचा लॉस एंजेलिसमधला संसार तिने मोडला, युरोपात निघून गेली, ग्रीसच्या क्रीट बेटावर मातालाच्या गुहांपाशी राहिली आणि तिथूनच त्याला तार करून कळवलं की संपलं. त्या दिवसांतली बरीच गाणी यात आहेत. पण हे सगळं मला खूप नंतर कळलं. २००९ साली मी पुण्यात पीजी म्हणून राहत होते, त्याने फोनवर चार वाक्यांत चार वर्षं संपवली, आणि रूममेटने काही न बोलता तिच्या इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं. ते लँगचं व्हर्जन होतं, २००४ च्या अल्बममधलं. संथ, एकेक सूर लांबवत नेणारं. प्रियकराला दारूच्या पेटीसारखं अख्खं पिऊन टाकलं तरी मी उभीच राहीन, असं ती सांगते ना, ते मला तेव्हा ताकद वाटलं होतं. मी उभी राहू शकते, बस्स.

जोनीचं मूळ दोनेक वर्षांनी ऐकलं. मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं डल्सिमर, सोबत जेम्स टेलरची गिटार, आणि तो उंच पातळ आवाज. त्यात ताकद नव्हती, तहान होती. कितीही प्यायलं तरी भागत नाही अशी. शब्द तेच, एकीचं दुःख मुरलेलं आणि दुसरीचं आत्ताच कापल्यासारखं. मला अजून ठरवता येत नाही की माझं कुठलं होतं. तुमचं सांगा, कुणीही गायलेलं चालेल, फक्त तुमच्यावर काय गुजरलं ते मनापासून लिहा.

* * *

माझं ‘रिव्हर’. टोरंटोला आलो त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात बायको भारतात परत गेली ती कायमची. डिसेंबरात इथे मॉलमध्ये सगळीकडे नाताळची गाणी चालू असतात आणि त्यात मधेच हेही लावतात, सारा मॅक्लॉक्लनच्या आवाजातलं, कारण सुरुवातीला पियानोवर ‘जिंगल बेल्स’ची चाल येते, पण उदास करून. मी मुलीसाठी बूट बघत होतो, घेऊन पाठवणार होतो, आणि तेव्हा पहिल्यांदा शब्द नीट कानावर पडले की हे सणाचं गाणं नाहीच, हिला गोठलेली नदी हवीय, तिच्यावरून स्केट करत लांब निघून जायला, आणि माणूस आपल्याच स्वभावामुळे गेला हे ती कबूल करतेय. जोनी सास्काटूनची, तिथे नदी खरंच गोठते. पण इथे बर्फच पडत नाही, असं ती गाण्यात म्हणते, कॅलिफोर्नियाबद्दल. माझं उलटं, बर्फ दाराशी आणि मन डोंबिवलीत.

नंतर जॅझ पियानोवादक हर्बी हॅन्कॉकच्या २००७ च्या अल्बममधलं कॉरिन बेली रे हिने गायलेलं ऐकलं. त्या अल्बमला २००८ चं अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. सुंदर आहे, पण त्यात ती स्वतःला दोष देतेय असं वाटत नाही, आठवण काढतेय असं वाटतं. मला दोष देणारंच हवं होतं तेव्हा. चूक माझी होती आणि ती मी त्या गाण्यामुळे पहिल्यांदा स्वतःशी कबूल केली. ईमेलही केली बायकोला. उत्तर आलं, थोडक्यात पण चांगलं.

* * *

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असेन, एकसष्टी झाली. आमच्या वेळी जोनी मिचेल कुणाला माहीत होती! मी बोटीवर ज्युनिअर इंजिनिअर होतो, सिंगापूरला नॅझरेथ या रॉक बँडची कॅसेट घेतली, त्यात ‘धिस फ्लाइट टुनाइट’. ढणाढण गिटार, घोड्याच्या टापांसारखा ऱ्हिदम. हे गाणं त्यांचंच असं मी वीसेक वर्षं छातीठोक सांगत होतो, त्यांनी ते १९७३ मध्ये केलंय. गिरगावात एक मुलगी होती, तिच्या घरी बोलायला जायचं सोडून मी जॉइनिंगची तारीख आली म्हणून निघून गेलो आणि परत येईपर्यंत तिचं लग्न झालेलं. तर ते गाणं मी कायम जाणाऱ्याच्या जोशात ऐकलं, इंजिन रूममधून वर आलो की डेकवर.

भाच्याने मूळ ऐकवलं तेव्हा कळलं की ती विमानात बसलीय आणि तिला उतरायचंय. विमान मागे फिरवा म्हणतेय ती. एकटी बाई, गिटार आणि कुजबुजल्यासारखं बोलणं. इतकी वर्षं मी तेच शब्द ऐकत होतो आणि मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही. याहून जास्त लिहवत नाही.

* * *

काका, तुमचा अनुभव वाचून थांबले थोडा वेळ.

माझं गाणं प्रेमभंगाचं नाही, ‘लिटल ग्रीन’. जोनीने १९६५ मध्ये टोरंटोत मुलीला जन्म दिला, पैसे नव्हते, लग्न झालेलं नव्हतं, आणि बाळ दत्तक द्यावं लागलं. हे गाणं त्या मुलीसाठी आहे हे ऐकणाऱ्यांना कित्येक वर्षं माहीत नव्हतं. १९९७ मध्ये दोघी भेटल्या.

आमची मुलगी दत्तक आहे, आता अकरा वर्षांची. ती घरी आली त्या पहिल्या महिन्यात रात्री तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना मी हे लावायचे, हळू आवाजात. सगळे अभिनंदन करत होते आणि मला सारखं वाटायचं की कुठेतरी एक बाई आज रात्री जागी असेल. माझ्या आनंदाच्या दुसऱ्या टोकाला तिचं तुटलेलं काळीज आहे हे मला कुणाशी बोलता येत नव्हतं. नवऱ्याशीही नाही, तो म्हणायचा उगाच कशाला विचार करतेस. या गाण्याची कव्हर, म्हणजे दुसऱ्यांनी गायलेली, मला ऐकवत नाहीत, दोनदा सुरू करून बंद केली. इतर गाणी कुणीही गावीत. हे तिचंच राहू दे.

* * *

गिटार वाजवणाऱ्यांसाठी एक, छोटंसं. लहानपणीच्या पोलिओने जोनीचा डावा हात कमजोर झाला म्हणून ती तारा वेगळ्या लावून वाजवते, नेहमीच्या कॉर्डच्या आकारात तो आवाज येतच नाही. ब्रेकअपनंतर मी तीन महिने फक्त ‘ऑल आय वाँट’ बसवत होतो. अजून पूर्ण बसलं नाहीये, पण ते तीन महिने गेले.

* * *

धागा काढणारीच पुन्हा. दत्तक लेकीच्या आईने लिहिलेलं माझ्या आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती.

एक राहिलं होतं. जोनीने स्वतःच २००० मध्ये ‘अ केस ऑफ यू’ परत गायलं, मोठा वाद्यवृंद घेऊन, आवाज पार खाली उतरलेला, खरखरीत. म्हणजे तिने आपलंच कव्हर केलं म्हणा. आणि २०१५ ला मेंदूत रक्तवाहिनी फुटून चालणं-बोलणं सगळं नव्याने शिकावं लागल्यावर २०२२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवात खुर्चीत बसून, गायिका ब्रँडी कार्लाइल वगैरे मंडळी सोबतीला, तेव्हाही हे गायली. ७८ वर्षांची होती. तो व्हिडिओ मी त्या जुन्या रूममेटला पाठवला, बऱ्याच वर्षांनी मेसेज केला होता. तिने लगेच फोन केला आणि आम्ही दोघींनी दोन शहरांत एकाच वेळी सुरू करून ऐकलं. मधे एकदा तिचा अर्धा सेकंद पुढे गेला, तसंच राहू दिलं.