अनुभव धागा: दहा जणांना पहिल्यांदा सांभाळलंत तेव्हा काय झालं?

भाच्याला यंदा शाळेच्या एनसीसीत लान्स कॉर्पोरलची फीत मिळाली. बाहीवर फीत चढली आणि साहेब घरातही हुकूम सोडायला लागले. आजीलासुद्धा 'सावधान'! आपल्यातले बरेच जण एनसीसी, सी (समुद्री) कॅडेट, आरएसपी (रस्ता सुरक्षा पथक), स्काउट यांतून गेलेत. लिहा. फजिती असेल तर आधी ती.

माझी छोटीशी. शिवाजी पार्कला 26 जानेवारीची तालीम. मी भलत्याच पावलावर 'थम' दिला. अर्धं पथक थांबलं, अर्धं त्यांच्या पाठीवर आदळलं. मी मागच्या रांगेवर खेकसलो. कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी मला त्याच मागच्या रांगेत उभं केलं, आठवडाभर. तिथून कळलं, माझी कमांड तिथवर पोचतच नव्हती.

नेव्हल विंगवाली

कुलाब्याला व्हेलर ओढायचो. 27 फुटी होडी, पाच वल्ही: एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. सुकाणू माझ्याकडे. स्ट्रोकला, म्हणजे माझ्या समोरच्या जागेवर बसणाऱ्याच्या लयीवर बाकीचे चार ओढतात. मी तिथे आमच्यातली सगळ्यात दणकट मुलगी बसवली. ती दोन हात मारायची तोवर मागच्यांचा एक. वल्ह्यांवर वल्ही खटाखट आपटायची, होडी जागच्या जागी डुलत. तीन दिवस मी "जोर लावा" म्हणून घसा फोडला. चौथ्या दिवशी तिला मधे घेतलं आणि एका किरकोळ, शांत मुलीला स्ट्रोक दिला. ती घड्याळासारखी ओढायची. होडी सरळ निघाली. दणकट मुलगी मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला नीट समजावून सांगायला हवं होतं, ते राहिलंच.

डोंबिवली फास्ट

दहा दिवसांचा वार्षिक कॅम्प, त्यात पाऊस. तंबूभोवती चर खणायचा होता. पोरं वेडंवाकडं खणतील म्हणून फावडं मीच घेतलं. रात्री एका बाजूने पाणी आत, सगळ्यांच्या बेडिंग ओल्या. सकाळी सुभेदार साहेब माझ्या हातावरचे फोड बघून म्हणाले, "बाकी नौ लोग क्या कर रहे थे?" मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल.

पुढे एनसीसीच्या 'सी' सर्टिफिकेटवर स्पेशल एंट्रीने, लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या निवड चाचणीला गेलो. मैदानावर फळी, दोर, पिंप घेऊन गटाने अडथळा पार करायचा होता. फळी मी पहिल्यांदा शेजारच्याच्या हातात दिली. निवड झाली नाही, ते सोडा.

पहिल्या वर्षी सोडलेला

मला काही गोड आठवत नाही. सीनियर बुटांना पॉलिश करायला लावायचे, नाही म्हटलं की फ्रंट रोल. याला शिस्त म्हणत. मी कॉलेजच्या नाटकात गेलो. पडदा ओढायला सगळे असायचे, नायकसुद्धा.

नेव्हल विंगवाली

असे सीनियर आमच्याकडेही होते. फीत आधी येते, अक्कल मागून.

धागाकर्ता

भाच्याला सगळं वाचायला दिलं. त्याने एवढंच विचारलं, चर किती खोल खणायचा?

डोंबिवली फास्ट

वीतभर पुरे. तोंड मात्र उताराकडे ठेवायला सांग, मी तेच विसरलो होतो.