हौसेची बासरी आणि तिची लांबी
केवळ हौस म्हणून शिकायचे असेल तर सगळ्या वाद्यांत बासरी सर्वांत सोपी, असे काहींचे मत असते. परंतु पहिले काही दिवस कितीही फुंकले तरी नुसती हवाच ऐकू येते, हे नवशिक्याला आधी सांगायला हवे. मोठ्या, खर्जातल्या (खालच्या, जाड स्वरांच्या) बासरीचा नाद मोहक असतो खरा, पण तिची भोके इतकी दूर दूर असतात की बोटे ताणूनही एखाद्याची कड उघडी राहते आणि तेवढ्या फटीने स्वर फाटतो, म्हणून सुरुवात मध्यम लांबीच्या बासरीने करावी. बोटांच्या भोकांपैकी वरची, म्हणजे फुंकायच्या भोकाकडची, तीन भोके झाकून ‘सा’ स्थिर लागेपर्यंत गाण्यांच्या मागे लागू नये (मी लागलो होतो, घरच्यांनी सोसले). गरगरल्यासारखे वाटले, तर फुंकर गरजेपेक्षा जोरात जात आहे असे समजून थोडा वेळ थांबावे.