मदत हवी आहे: छोटे विद्युत लढाऊ मॉडेल विमान हातातून सुटताच डावीकडे कोसळते

नवे_पंख: मस्टँग या लढाऊ विमानाचे छोटे रेडिओनियंत्रित मॉडेल घेऊन तीन आठवडे झाले, तरी ते दहा सेकंदसुद्धा हवेत टिकलेले नाही. हातातून सोडले की डावीकडे कलंडते आणि मी स्टिक उजवीकडे नेईपर्यंत पंखाचे टोक जमिनीला लागलेले असते. दोन प्रॉपेलर तुटले, नाकाचा फोम तीनदा चिकटवला. बॅटरी नेहमी पूर्ण भरलेली असते. कृपया "सराव करा" एवढेच सांगू नये. रविवारी पुन्हा उडवायचे आहे.

गवताळ_धावपट्टी: पंखांचा विस्तार किती, जायरो (विमानाचा कल ओळखून ते आपोआप सावरणारे उपकरण) आहे का आणि असल्यास चालू असतो का, हे कळल्याशिवाय नेमके काही सांगता येणार नाही. बॅटरी ठेवल्यावर गुरुत्वमध्य कुठे येतो तेही लिहावे.

उंचपंखी: माझे स्पष्ट मत असे की सुरुवात लढाऊ विमानाने करूच नये. उंच पंखाचे ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीचे विमान कलंडले तरी बऱ्याच अंशी स्वतःहून सावरते. खाली बसवलेल्या, टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पंखाचे विमान मात्र वेग कमी होताच एका टोकाने उचल गमावते.

तिसरा_चॅनल: हा सल्ला जायरो नव्हते त्या काळातला आहे. मी स्वतः खालच्या पंखाच्या विमानावरच शिकलो. प्रॉपेलर मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे विमान उलट म्हणजे डावीकडे कलते आणि कमी वेगात एलेरॉनला (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांना) ते आवरण्याइतका जोर नसतो. वाऱ्याच्या समोर तोंड करून, पंख समतल ठेवून, पाऊण थ्रॉटलवर (मोटरच्या पाऊण जोरावर) ठामपणे सोडावे.

उंचपंखी: जायरो असला तरी विमान तीनदा पडले आहे, हे आपण विसरता आहात.

सेलमित्र: बॅटरी नेहमी पूर्ण भरलेली असते हे वाचून राहवले नाही. लिथियम पॉलिमर बॅटरी आठवडाभर पूर्ण भरून ठेवू नये. उडवायचे नसेल तेव्हा प्रत्येक सेल सुमारे 3.8 व्होल्टवर आणून ठेवावा, अन्यथा ती फुगते.

नवे_पंख: विस्तार 400 मिलिमीटर आहे, जायरो आहे आणि नवशिक्यांसाठीचा मोड चालू असतो. बॅटरी तिच्या ठरलेल्या खाचेतच बसते. पहिल्या दिवशी विमान पाच-सहा सेकंद उडाले होते. पडल्यावर रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारी पाटी) सुटला, तो मी गोंदाने पुन्हा बसवला. तारा पुरेनात म्हणून त्याचे तोंड शेपटीकडे केले. स्टिक हलवल्यावर सर्व बरोबर हलते, म्हणून हे लिहिले नव्हते.

गवताळ_धावपट्टी: दोष तिथेच असणार. या आकाराच्या विमानांत जायरो बहुधा रिसीव्हरच्या पाटीवरच असतो. तोंड फिरवल्यामुळे विमान डावीकडे कलले की त्याला ते उजवीकडे कलल्यासारखे वाटते, आणि सावरण्याऐवजी तो आणखी डावीकडे ढकलतो. नाकाच्या वर-खाली हालचालीतही तेच घडते. स्टिकचा संदेश मात्र योग्यच पोहोचतो, म्हणून जमिनीवर चूक कळत नाही. आधी प्रॉपेलर काढा, मग स्टिकला हात न लावता विमान हातात धरून डावा पंख खाली करा. डावा एलेरॉन खाली आणि उजवा वर गेला पाहिजे.

तिसरा_चॅनल: पहिल्या दिवशीचे पडणे मात्र फेकण्यातलेच असावे, या मतावर मी ठाम आहे.

नवे_पंख: आत्ताच करून पाहिले. डावा पंख खाली केला की डावा एलेरॉन वर जातो! दोन प्रॉपेलर विनाकारण गेले. आता तारेला जोड देऊन रिसीव्हर मूळ दिशेने बसवतो आहे.

गवताळ_धावपट्टी: गोंद वाळल्यावर एलिव्हेटरचीही (शेपटीवरच्या आडव्या हलत्या पट्टीचीही) तीच चाचणी घ्या: नाक खाली केले की एलिव्हेटर वर गेला पाहिजे.

उंचपंखी: आणि त्यानंतर तरी ट्रेनरचा विचार करावा.