उकळून काय जातं, काय नाही
दूध तीनदा उकळलं की किरणोत्सर्ग निघून जातो, असं वर एकांनी लिहिलंय. आमच्या यवतमाळकडे आईही चुलीवर दूध उतू जाईपर्यंत ठेवते, "उकळलं की सारं मरते" म्हणते. जंतू मरतात, खरंय. पण आयोडीन-१३१, म्हणजे अणुभट्टीच्या अपघातात हवेत पसरणारं किरणोत्सर्गी आयोडीन, मरत नाही.

गाय दिवसभर रान चरते, म्हणून गवतावर पडलेलं हे आयोडीन दुधात गोळा होतं. १९८६ ला चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या स्फोटानंतर तिकडच्या पोरांना थायरॉइडचा कर्करोग झाला, तो मुख्यतः असल्याच दुधामुळे. पण या आयोडीनचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, आठ दिवसांचं. अशा दुधाची पावडर करून दोन-तीन महिने ठेवली तर ते जवळपास संपतं. त्याच स्फोटातून पसरलेल्या दुसऱ्या किरणोत्सर्गी पदार्थाचं, सीझियम-१३७ चं, अर्धायुष्य तीस वर्षं, तिथं थांबून भागत नाही. मात्र ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे घुसळलं की बहुतेक ताकात जातं, लोण्यात थोडंच उरतं. (म्हणजे तुपाची चिंता सोडा, ताकाची करा!) चेर्नोबिलनंतर आयर्लंडहून आलेल्या लोण्यात किरणोत्सर्ग आहे म्हणून मुंबईत ओरड झाली, प्रकरण १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टात पोचलं, तेव्हाही तज्ज्ञांनी ते खाण्यालायक ठरवलं होतं.

आणि हो, आपल्या म्हशीच्या दुधातही पोटॅशियम-४० हे किरणोत्सर्गी पोटॅशियम असतंच, नैसर्गिक. नुसतं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र टिकटिकलं म्हणून दुधाचा कॅन नालीत ओतू नका.