संगणक मधूनच बंद पडून आपोआप चालू होतो. मदरबोर्ड खरंच बदलावा का?

शाईची बाटली
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज अगदी गळ्याशी आलं म्हणून धागा काढतेय.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी घरातूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, दहाव्याचे फलक. संगणक असेंबल केलेला आहे: चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबीच्या दोन रॅम, मागाहून टाकलेली एसएसडी, विंडोज १०. दोन महिन्यांपासून चालता चालता स्क्रीन काळा होतो आणि मशीन आपलं आपणच परत सुरू होतं. कधी संध्याकाळी दोनदा, कधी अख्खा दिवस काही नाही. कोरल ड्रॉमधून मोठी फाइल एक्स्पोर्ट करताना जास्त होतं असं मला वाटतं. परवा आहेराच्या यादीसकट अख्खी पत्रिका दुसऱ्यांदा बसवली.

दुकानात दोनदा नेला. पहिल्यांदा फॉरमॅट, ५०० रुपये. दुसऱ्यांदा चार दिवस ठेवून घेतला, तिथे एकदाही बंद पडला नाही. तरी म्हणाले मदरबोर्ड गेलाय, सेकंडहँड मिळेल, ६,५०० लागतील. लग्नसराई तोंडावर आहे. काय करू?

दे दणादण
व्हायरस असणार. फॉरमॅट मारा, विषय संपला.

शाईची बाटली
दादा, मारलाय. वर लिहिलंय.

जुना सोल्डर
ताई, ६,५०० आत्ता खिशातच राहू द्या. जो दोष दुकानात चार दिवसांत दिसलाच नाही, त्याचं निदान दुकानात झालं कसं?

आधी एवढं सांगा: विंडोजचा चूक सांगणारा निळा पडदा येतो का? येत असेल पण दिसत नसेल, असंही होतं. विंडोज निळा पडदा दाखवून लगेच रीस्टार्ट होतं. 'धिस पीसी'वर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज, तिथे 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'. त्यात आपोआप रीस्टार्ट होण्यापुढची टिक काढून टाका. मग निळा पडदा आला तर तुम्ही बंद करेपर्यंत तसाच राहील.

दुसरं, स्टार्टवर राईट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टीम. लाल खुणेच्या 'कर्नल-पॉवर ४१' नावाच्या नोंदी सापडतील. त्या बघून घाबरू नका. ४१ म्हणजे पंचनाम्यातलं 'मृतदेह आढळला' एवढं एकच वाक्य, कशाने मेला ते त्यात नसतं. पण त्याच नोंदीच्या डिटेल्समध्ये 'बगचेक कोड' असतो. तो शून्य नसेल तर विंडोजला मरताना काहीतरी बोलायला वेळ मिळाला, मग आपण रॅम, ड्रायव्हर, डिस्क असं शोधत जाऊ. शून्य असेल तर बोलायची उसंतच मिळाली नाही: वीज गेली, किंवा मशीन जागच्या जागी गोठलं.

आणि बंद पडण्याच्या वेळा कागदावर उतरवा. वार आणि घड्याळ, दोन्ही.

मीरा उवाच
रॅम काढून खोडरबरने पुसा! हसू नका. माझा संगणक याच उपायावर तीन वर्षं चालला. वायर काढायची, पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज जाते, मग दोन्ही कडांच्या खिट्ट्या उघडून रॅम वर ओढायची. सोनेरी पट्ट्यांवरून साधा पांढरा खोडरबर फिरवायचा, भुसा झटकायचा, आणि 'कट्' आवाज येईपर्यंत परत दाबून बसवायची. फुकटातलं काम आहे.

निवांत
मीराताईंना +१, पण पुसून भागलं की नाही ते कळायला मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावा. पेनड्राइव्हवरून चालतं, विंडोज लागत नाही. रात्री लावून झोपा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी रॅम वाईट. 'फक्त एकच तर आहे' असं रॅमच्या बाबतीत नसतं.

शिवाय तापमान बघा. प्रोसेसरवरची पेस्ट दहा वर्षांत खडू होते. आमच्या मशीनमध्ये तर एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) पंख्याआड पाल वाळून पडलेली निघाली होती. वास येत होता, सगळे डस्टबिनवर संशय घेत होते.

धुळाक्षर
हे मशीन विंडोज ११ घेणार नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. यात पैसे घालण्यापेक्षा नवीन घ्या.

शाईची बाटली
धुळाक्षर, घेईन हो, पण सीझन झाल्यावर. जुन्या फाँटातल्या हजारभर पत्रिका यात आहेत. घाईत हलवल्या की रफार एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे.

बाकीच्यांसाठी अहवाल: रॅम पुसली. मेमटेस्ट रात्रभर चालला, एकही चूक नाही. एक्स्पोर्ट करताना तापमान ६२ पर्यंत जातं. पाल निघाली नाही, मुंग्या निघाल्या. टिक काढूनही निळा पडदा आला नाही, थेट काळाच. बगचेक कोड सगळीकडे ०.

आणि वेळा. सोमवार ६:४८, बुधवार ७:०५, शुक्रवार ६:५१ आणि ७:२०, रविवार ६:५५. सगळ्या संध्याकाळच्या. लिहून काढेपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. त्या वेळी मी एक्स्पोर्टलाच बसलेली असते, म्हणून कोरलवर आळ घेत होते.

जुना सोल्डर
वा! आता सांगा, तुमच्याकडे दिवसाआड संध्याकाळी काय असतं?

शाईची बाटली
पाणी! नळाला दिवसाआड साडेसहाला पाणी येतं आणि गल्लीतली सगळी घरं एकदम मोटर लावतात. ट्यूब मंद होते, पंखा कण्हतो. पण काका, घराला इन्व्हर्टर आहे की. संगणकाचा प्लग त्याच्यावरच आहे. वीज गेलेली तर कळतसुद्धा नाही.

जुना सोल्डर
पंख्याला आणि तुम्हाला कळत नाही. संगणकाला कळतं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एसएमपीएसच्या आतला मोठा कपॅसिटर पूर्ण लोडवर जेमतेम १६ मिलिसेकंदांची खिंड लढवतो. त्याच्या आत वीज परत आली नाही तर एसएमपीएस मदरबोर्डला देत असलेला 'पॉवर गुड' इशारा काढून घेतो आणि बोर्ड तिथल्या तिथे रीसेट होतो. विंडोजला कोण विचारतंय! एक्स्पोर्ट चालू असेल तर प्रोसेसर जास्त वीज ओढतो, साठा लवकर संपतो. म्हणजे कोरलवरचा आळ अगदीच खोटा नव्हता. आणि एसएमपीएस जुना असेल तर कपॅसिटर सुकतो, १६ चे ८-१० होतात.

आता इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक छोटी कळ बघा. बहुतेकांवर दोन खुणा असतात, एक 'यूपीएस' आणि दुसरी 'नॉर्मल' किंवा 'इको'. नॉर्मलवर असताना तो अगदी १००-१२० व्होल्टपर्यंत खाली आलेली लाइनसुद्धा तशीच पुढे ढकलतो, आणि बॅटरीवर जाताना वेळ लावतो. यूपीएसवर टाकला की साधारण १८० च्या खाली लगेच बॅटरीवर जातो, तेही दहाएक मिलिसेकंदांत.

खात्री करायची पद्धत सांगतो. संगणक सुरू करताना डिलीट दाबून बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या, निळ्या-करड्या पडद्यावर थांबा. तिथे कुठलीही फाइल उघडी नसते, त्यामुळे नुकसान शून्य. आता कोणाला तरी इन्व्हर्टरचा मेनमधला पुरवठा बंद-चालू करायला लावा. दहा वेळा. किती वेळा संगणक रीसेट होतो ते मोजा. मग कळ बदलून परत दहा वेळा.

एसएमपीएस मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही आत तीनशेच्या आसपास व्होल्ट बसून असतात.

निवांत
माझा अंदाज पाल होता. मागे घेतो.

शाईची बाटली
कळ होती. धुळीखाली. 'नॉर्मल'वर.

मुलाला इन्व्हर्टरपाशी उभा केला, त्याला तर खेळच झाला. नॉर्मलवर दहापैकी सात वेळा रीसेट. यूपीएसवर दहापैकी दोन. मग दिराच्या संगणकाचा एसएमपीएस तासभर उसना आणून लावला. यूपीएसवर दहापैकी शून्य, नॉर्मलवर चार. दुकानात का बंद पडत नव्हता तेही कळलं, तिथे इन्व्हर्टरही नाही आणि आमच्या गल्लीतल्या मोटरीही नाहीत.

नवा ब्रँडेड ४५० वॉटचा एसएमपीएस मागवला, २,६०० ला. मदरबोर्डचे ६,५०० वाचले. काल बुधवार, पाण्याचा दिवस. पावणेसातला ट्यूब मंद झाली, इन्व्हर्टर 'टक्' वाजला आणि मी श्वास रोखून बसले. एक्स्पोर्ट पूर्ण झाला!

मीरा उवाच
अभिनंदन! तरी खोडरबर जवळ ठेवा.

दे दणादण
ओके, व्हायरस नव्हता. पण एवढ्या भानगडीपेक्षा संगणकाला वेगळा छोटा यूपीएस नाही का चालणार?

जुना सोल्डर
चालेल, ६०० व्हीएचा पुरेल, स्क्रीन धरून. फक्त तो थेट मेनवर लावा, इन्व्हर्टरच्या पुढे नको. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर कित्येक यूपीएसना ती वीजच पसंत पडत नाही, ते आपल्याच बॅटरीवर जाऊन पीं पीं करत बसतात.

शाईताई, एक गोष्ट राहिली. यूपीएस मोडवर आता मोटरी चालू असेपर्यंत तुमचा इन्व्हर्टर दर पाण्याच्या दिवशी तास-दीड तास बॅटरीच खाणार. बॅटरीतलं पाणी शेवटचं कधी बघितलं होतं?

शाईची बाटली
गणपतीच्या आधी.

जुना सोल्डर
कुठल्या वर्षीच्या?

शाईची बाटली
बघून सांगते.